सेटिंगचा रकाना

एम.टेक.च्या शेवटच्या वर्षी माझ्याइतकी खूश मुलगी अख्ख्या पिंपरीत नसेल. सत्तरचं दशक सरत आलं होतं. संगणकाचा इतका पुढचा अभ्यास करणारी आमच्या वस्तीतली मी पहिलीच, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची मी पुरेपूर काळजी घेत असे. पुण्याच्या बसची वाट बघताना पंचकार्डांचा गठ्ठा पिशवीत न ठेवता मुद्दाम हातात धरायचा, हा त्यातलाच प्रकार. शेजारच्या बायका विचारत, "कुणाच्या पत्रिका गं या?" मग मी सांगे की या भोकं पाडलेल्या कार्डांवर मी संगणकाला हुकूम लिहिते. त्या म्हणत, "अगं बाई!" आणि माझा दिवस मजेत जाई.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं काम. माझ्या प्रबंधाचा विषय त्यांच्याच शॉपमधला, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागातला होता. कोणतं काम कोणत्या लेथवर, कोणत्या क्रमाने लावावं, हे संगणकाने ठरवायचं. तिथल्या प्लॅनिंगच्या साहेबांना मी स्वतः जाऊन भेटले आणि परवानगी मिळवली. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी कारखान्याचा संगणक मोकळा असे, तो मला दुपारी दोन तास वापरायला मिळाला. शिवाय दादांच्या शॉपमधल्या अकरा टर्नरांची वर्षभराची जॉब कार्डं मिळाली. रोज कोणता जॉब केला, किती पीस काढले, किती वेळ लागला, हे प्रत्येक कामगार त्या कार्डावर लिहून देई. साहेबांची अट एकच होती, की प्रबंध झाल्यावर एक प्रत त्यांना द्यायची.

ती कार्डं बघून मी हरखून गेले. इतके सुबक आकडे मी जन्मात पाहिले नव्हते. एखाद्या जॉबला पीसमागे सात मिनिटं म्हणजे सात मिनिटं. उन्हाळा असो, हिवाळा असो, म्हातारा टर्नर असो की नवखा, सातच. माझे मार्गदर्शक सरही म्हणाले, "नशीबवान आहेस, अशी माहिती सहसा हाती लागत नाही." जेवताना मी दादांना सांगितलं, "दादा, तुमच्या शॉपमधली माणसं म्हणजे अगदी घड्याळं आहेत." दादांनी मान खाली घालून आणखी अर्धी भाकरी मागितली. मला वाटलं, कौतुकाने लाजले.

मग सर म्हणाले की वीजकपातही हिशेबात धर. त्या काळात वीज कधी जाईल याचा नेम नसे. कारखान्याच्या स्विचबोर्डच्या खोलीत त्याची वही होती. साहेबांना विचारून तिच्यातल्या वेळा मी उतरवून आणल्या आणि प्रोग्रॅमला सांगितलं, वीज नसताना लेथ बंद धर, आणि कार्डाशी ताळा जुळतो का बघ.

त्या गुरुवारी प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. ओळीमागून ओळ, प्रत्येक ओळीत चूक. मला वाटलं, चूक माझीच. तीन गुरुवार मी प्रोग्रॅम उलटापालटा केला. चौथ्या गुरुवारी मात्र संगणक बाजूला ठेवला आणि कार्डं हातात घेऊन बसले. एक दिवस असा होता की वीज सकाळपासून थेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेलेली. त्या दिवशीच्या अकराही कार्डांवर पीस मात्र पूर्ण दिवसाचे. त्यातलं एक कार्ड दादांचं होतं. दादा चारचा आकडा फार मोठा, ऐसपैस काढत, लांबूनही ओळखू येई. अंधारात बंद पडलेल्या लेथवर त्यांनी चौसष्ट पीस काढले होते.

घरी आले तेव्हा दादा दारात सायकलला तेल घालत होते. मी कार्डच त्यांच्यापुढे धरलं. "हे काय आहे, दादा?"

त्यांनी हात पुसले, कार्ड बघितलं. "कार्ड हाय," म्हणाले.

"खोटं आहे हे."

"व्हय."

आवाज जराही न चढवता त्यांनी मला सगळं सांगितलं. ज्या दिवशी काम भराभर होतं त्या दिवशी जास्तीचे पीस पेटीत ठेवायचे, आणि अडलेल्या दिवशी काढून दाखवायचे. कार्डावर कायम सातच मिनिटं लिहायची. एकदा कुणी पाच लिहिली, की पाचच ठरतात, आणि ती पाच जन्मभर सगळ्यांच्या बोकांडी बसतात. "आन् पीस काढायला कुठं येळ लागतो पोरी? येळ लागतो सेटिंगला. एक जॉब काढून दुसरा लावायचा, जॉब धरणारा चक बदलायचा, टूल बदलायचं, माप जुळवायचं. त्यात कवा कवा तास जातो. त्यो लिवायला कार्डावर रकानाच न्हाई. मंग त्यो येळ आमी कुठून आणायचा?"

"मग मला आधी का नाही सांगितलंत? वर्ष घातलं मी यात!"

"तू कार्डाला इचारलंस. मला कवा इचारलंस?"

मी भडकले. दोन दिवस दादांशी बोलले नाही. आईने मला फैलावर घेतलं. "डिग्री हातात यायच्या आधीच डोक्यात गेली का?" ती म्हणाली. पण माझा राग खरा भीतीचा होता. प्रबंध द्यायला चार महिने उरले होते. सुबक आकडे तसेच ठेवले तर प्रबंध खोटा, आणि मला ते माहीत असणार. वीजकपातीचा ताळा छापला तर प्रबंध खरा, पण तो साहेबांच्या टेबलावर जाणार आणि अकरा माणसांच्या पेट्या उघडल्या जाणार. त्यात पहिली माझ्या बापाची. दादा एवढंच म्हणाले होते, "डिग्री तुजी हाय. तुला पटंल ते लिही." याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना चहा नेऊन दिला आणि विचारलं, "दादा, सेटिंगला खरंच किती वेळ लागतो?"

"कुठल्या जॉबवरनं कुठल्या जॉबवर जायचं, त्यावर हाय," ते म्हणाले.

हे ऐकलं आणि मी चहा तसाच ठेवून वही आणायला धावले. क्रम! माझा सगळा विषयच क्रमाचा होता, आणि मी वर्षभर पीसची मिनिटं मोजत बसले होते. पीसला किती वेळ लागतो हे कुणालाही न विचारता क्रम लावता येत होता. फक्त एका जॉबवरून दुसऱ्यावर जायला किती वेळ जातो, तेवढं कळायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी मी संगणकाकडे गेलेच नाही. दादांचे दहा सोबती आमच्या घरी आले. कुणी तळवड्याहून, कुणी पुनावळ्याहून, सायकली हाणत. अंगणात सतरंजी टाकली, आईने चहाचं पातेलं चढवलं. त्यांतले सगळ्यात जुने टर्नर आधी उभेच राहिले. म्हणाले, "बाई, हितं लिवशील त्यो कागद तू सायबाला देणार का?"

"सेटिंगचा देणार," मी म्हणाले. "पीसच्या वेळेचा एकही आकडा माझ्या प्रबंधात नसेल. शब्द देते."

ते दादांकडे बघत राहिले. दादा म्हणाले, "पोरगी तोंडाळ हाय, पण शब्दाची पक्की हाय." मग ते खाली बसले.

त्यानंतर जे भांडण लागलं! मी एकच प्रश्न विचारला होता: बुशच्या जॉबवरून शाफ्टच्या जॉबवर जायला किती वेळ? एकजण म्हणाला वीस मिनिटं. दुसरा म्हणाला, "वीस? तुजा चक नवा हाय राव, माझ्या लेथवर येऊन लाव, मंग बोल!" तिसऱ्याने चाळीस सांगितली आणि ती कशी, हे बशीवर कप पालथा घालून दाखवलं. कुणीही आकडा लपवेना, कारण सेटिंगला किती मरावं लागतं, हे आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. प्रत्येकाला ते दुसऱ्यापेक्षा आधी सांगायचं होतं. उन्हं कलेपर्यंत माझा तक्ता भरला. त्यातला एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता. इतके बेशिस्त आकडे आणि मला इतका आनंद! खरी माहिती कशी दिसते, हे मला एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी, आमच्याच अंगणात कळलं.

सरांना मी सांगितलं की कार्डांवरच्या वेळा टिकत नाहीत, मी त्या टाकून देते आहे. सर हादरले. "चार महिने राहिलेत, जबाबदारी तुझी," म्हणाले. मी म्हटलं, "माझीच." प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहिला. संगणकाच्या थंडगार खोलीत दादांचा स्वेटर घालून बसे, त्याच्या बाह्या माझ्या बोटांवर येत. एका गुरुवारी प्रिंटरवर पहिला क्रम उमटला. तो दादांना दाखवला. त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचला आणि म्हणाले, "हितं चूक हाय, बीडाच्या लोखंडानंतर लगीच पितळ घिऊ नको, साफसफाईत येळ जाईल." तेही प्रोग्रॅममध्ये घातलं. दुसरा क्रम त्यांनी वाचला आणि मान डोलावली.

साहेबांनी तो क्रम एक आठवडा शॉपमध्ये लावून बघितला. एका लेथवर आठवड्यात अकरा वेळा सेटिंग होई, ते सातावर आलं. बुधवारचं काम मंगळवारीच उरकलं. शॉपमध्ये दादांना सगळे "संगणकवाले" म्हणू लागले, आणि दादा नाही नाही म्हणत ते मिरवू लागले.

राहिली तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक, आमचे सर, आणि खास बोलावलेले प्लॅनिंगचे साहेब. सगळं सुरळीत चाललं होतं. इतक्यात परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि विचारलं, "कारखान्यात जॉब कार्डं असतातच की. त्यांवरच्या आयत्या मिळणाऱ्या वेळा सोडून तुम्ही अंगणात बसून माणसांना विचारत का बसलात?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "सर, त्या वेळा मी तपासल्या. माझ्या प्रश्नाला त्या उपयोगी नव्हत्या."

"म्हणजे खोट्या आहेत?"

"त्या ठरलेल्या वेळा आहेत, सर. कारखाना आणि कामगार यांच्यात ठरलेल्या. माझा विषय लेथवर जाणारा वेळ हा आहे, आणि त्यातला सगळ्यात मोठा वेळ लिहायला कार्डावर रकानाच नाही. जी गोष्ट कागदावर नाही, ती माणसांनाच विचारावी लागते."

परीक्षक हसले आणि सरांना म्हणाले, "हे वाक्य प्रबंधात का नाही?"

मला विशेष श्रेणी मिळाली. बाहेर आल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही वीजकपातीची वही मागितलीत ना, तेव्हापासून मला घोर लागला होता," ते हळूच म्हणाले. "तुम्ही लिहिलं असतंत, तर मला वर कळवावं लागलं असतं. लिहिलं नाहीत, बरं केलंत." म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं! मला हसू आवरेना. तशीच बसने पिंपरीला आले, वाटेत पेढे घेतले आणि पहिली पाळी सुटायच्या वेळेला कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. दादा बाहेर आले. निकाल विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "कार्डाचं इचारलं का त्येंनी?"

"विचारलं. आणि मी शब्द पाळला."

तेव्हा कुठे ते हसले, आणि मागे वळून दहाही जणांना ऐकू जाईल असं ओरडले, "पास झाली रं पोरगी!" फाटकाशी असा गलका झाला की पहारेकरी धावत आला. त्याच्याही हातावर पेढा पडला. संध्याकाळी घरी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून वंदना झाली, आणि आईने माझ्या डिग्रीची बातमी वस्तीत मी स्वतः सांगितली असती त्याच्या दुप्पट जोरात सांगितली.

काही महिन्यांनी एका दुपारी दादा पाळीवरून आले आणि खिशातून चौकोनी घडी केलेला एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. नव्या छपाईचं जॉब कार्ड होतं, तेल सांडून खराब झालेलं, म्हणून त्यांना घरी आणता आलं. पीसच्या रकान्यात जुनंच, सात मिनिटं. त्याच्या शेजारी एक नवा रकाना छापलेला होता, सेटिंगच्या वेळेचा. त्यात दादांनी चाळीस लिहिलं होतं, त्यांच्या त्या ऐसपैस चारच्या आकड्यासकट.

"ह्या कार्डावर ह्यो एकच रकाना आमी खरा लिवतो," दादा म्हणाले. "त्यो तुजा हाय."