आठ नंबरचे जंगल बूट

आमचे हे पलटणीत नाईक होते, पण गल्लीत सगळे यांना मेजर म्हणतात. यांनीही आजवर एकाला दुरुस्त केलेलं नाही. आता ते दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसतात आणि रांग अशी सरळ लावतात, की तापाने फणफणलेला माणूसही ताठ उभा राहतो.

या माणसाचा जगात दोनच गोष्टींवर जीव आहे. एक जंगल बूट. दुसरी मी असावी, अशी आपली माझी आशा.

जंगल बूट म्हणजे रबरी तळ, घोट्याच्या वरपर्यंत हिरवं जाड कापड आणि आतल्या अंगाला, तळापाशी दोन बारीक भोकं. ओढ्यात उतरलं की आत शिरलेलं पाणी त्या भोकांतून बाहेर. ही भोकं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दाखवण्यात आली. मी मान डोलावली. नवी नवरी, करते काय!

यांच्या तुकडीतले जुने लोक दर वर्षी थंडीत एका टेकडीच्या पायथ्याशी जमतात आणि कच्च्या रस्त्याने सहा किलोमीटर चढून जातात. वर जेवण. ज्याच्या पायात जंगल बूट, तो चालणार. बाकीचे मागून तीन-चार जीपमध्ये, बायका आणि डब्यांबरोबर. हा नियम कोणी काढला देव जाणे, पण एकदा जीपमध्ये बसलेला माणूस पुन्हा कधी चाललेला मी पाहिला नाही. सुरुवातीला चालणारे एकवीस होते. गेल्या वर्षी दोनच उरले, हे आणि यांचा जिवलग दोस्त. तो तुकडीत बिनतारी यंत्र सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणतात.

गेल्या वर्षी उतरताना यांच्या बुटांनी राम म्हटला. चार वेळा तळ बदलून देणाऱ्या चांभाराने या खेपेला सरळ हात जोडले. झालं! यांना अन्न गोड लागेना. पुढच्या थंडीत आपण जीपमध्ये, एवढं एकच डोक्यात.

मुलाने मोबाइलवर शोधून एक जोड मागवला. दिसायला हुबेहूब. हे तो न्हाणीघरात घेऊन गेले, बुटात तांब्याभर पाणी ओतलं आणि समोर बसून राहिले. पाणी काही हलेना. भोकांच्या जागी नुसत्या पितळी कड्या चिकटवलेल्या. मुलगा म्हणाला, रस्त्यावर कुठे ओढा लागतो बाबा? दोन दिवस बापलेकांचं बोलणं बंद.

मग दर रविवारी जुना बाजार. मीही सोबत, कारण यांना एकट्याला सोडलं तर हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, काय वाटेल ते उचलून आणतील. तिसऱ्या महिन्यात तंबू आणि दोरखंड विकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या माळ्यावर मेणकागदात गुंडाळलेला कोरा जोड निघाला. आठ नंबर. तीस वर्षं कोणी हात लावला नव्हता. यांनी आधी वास घेतला, मग भोकांत काडी घालून पाहिली, आणि मग असे हसले की मला त्या बुटांचा हेवा वाटला.

घरी आणून कपाटावर ठेवले. मी म्हटलं, रोज तासभर घाला, पायाला सवय होईल. छे! टेकडी चढायच्या दिवशीच घालायचे. नव्या बुटात लांब चालू नका म्हणून गल्लीतल्या पोरांना दरडावणारा हाच माणूस बरं का. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. दोन-तीनदा सांगून मी नाद सोडला.

थंडी आली, टेकडीचे पहिले चार किलोमीटर झकास गेले. मग मला पुढच्या जीपमधून रस्त्यावर काळे तुकडे दिसायला लागले. पडून पडून रबर आतून कुजलं होतं, ते खारी बिस्किटासारखं झडत होतं. बघता बघता डाव्या बुटाचा अख्खा तळ रस्त्यावर राहिला आणि आमचे हे नुसत्या कापडावर पुढे गेले. दहा पावलांवर उजवाही गेला. मला हसू फुटणार होतं, पण यांचा चेहरा पाहिला आणि ते घशातच राहिलं. मी खाली उतरले.

ड्रायव्हरने यांच्यासाठी दार उघडलं. हे जागचे हलले नाहीत. मला हळूच म्हणाले, "मी बसलो तर हा एकटा चालेल. एकट्याला सोडायचं नसतं गं."

रेडिओने ते ऐकलं आणि भडकलाच. "लेका, तीन वर्षं मी तुझ्यापायी चालतोय! माझे गुडघे केव्हाचे गेलेत." एवढं बोलून तो जीपमध्ये चढला, माझ्या जागेवर बसला, डबे मांडीवर घेतले आणि असा सुस्कारा सोडला की विचारू नका.

आता हे रस्त्यात एकटे. ज्याच्यासाठी चालायचं तो आरामात बसलेला. त्या क्षणी ते मला एकदम म्हातारे दिसले आणि माझं डोकंच फिरलं. त्या बुटांवर, यांच्यावर, आणि डबे सांभाळत जीपमध्ये काढलेल्या माझ्या सव्वीस वर्षांवर. ड्रायव्हरला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. आणि पदर खोचून चढायला लागले.

"अगं, कुठे निघालीस?"

"वर. बायकांना कोणी कधी विचारलंय, चालायचंय का म्हणून?"

जीपा पुढे निघून गेल्या. मी मागे वळून पाहिलं नाही. मोज्यांतल्या पायांचा आवाज येत नाही, त्यामुळे बुटांचं उरलेलं कापड हातात घेऊन हे शेजारी आले तेव्हाच कळलं. बाजारात हा माणूस कायम माझ्या दहा पावलं पुढे असतो. त्या दिवशी शेवटचे दोन किलोमीटर माझ्या चालीने चालला, आणि खडा टोचला तेव्हा माझ्या खांद्याचा आधार घेतला. वर पोचेपर्यंत तो हात त्याने काढला नाही.