मागच्या दाराला कुलूप होतं

"पदर सोड. झटक."

दरवान म्हणायचा आणि मी पदर सोडून झटकायचे. काम संपवून घरी निघताना, रोज. मग अंबाडा मोकळा करून दाखवायचा. मग त्याचा हात कमरेवरून फिरायचा. निऱ्यांत मी लोण्याचा डबा लपवला असेल म्हणून. मागे बायांची रांग. बाजूला मॅनेजर सिगारेट ओढत बघत उभा. एकदा मी म्हणाले, बायांची झडती बाईनं घ्यावी. मॅनेजर हसला.

"तुम्हा लोकांना लाज कधीपासून वाटायला लागली?"

कलकत्त्यातल्या चौरंगीजवळचं नाचघर होतं ते. इंग्रज गेले, थाट राहिला. गोऱ्यांच्या खुर्च्यांवर आपले काळे बसले, एवढाच फरक. मी तिथल्या बायकांच्या बाथरूममध्ये आया होते. फरशी पुसायची, टॉवेल द्यायचे, कुणी ओकलं की काढायचं. रेशमी झग्यातली बाई ओकते तेव्हाही वास तोच येतो.

नवरा पलटणीत होता. फोर्ट विल्यमला नेमणूक झाली तेव्हा मला इकडे घेऊन आला, आणि वर्षभरात तापानं गेला. दीर न्यायला आला होता. मी गेले नाही. गावी जायचं म्हणजे महारवाड्यात जायचं, विहिरीपासून लांब उभं राहून कुणी वरून पाणी ओतेल याची वाट बघायची. त्यापेक्षा खिदिरपूरची अंधारी खोली बरी. तिथला नळ कुणाच्या बापाचा नव्हता.

नाचघरात शैलबाला बशा धुवायची. फाळणीत घर सोडून आलेली, आईबरोबर सियालदह स्टेशनात राहायची. माझ्या डब्यातली भाकरी तिनं पहिल्या दिवशीच तोडून खाल्ली. मी आपणहून जात सांगितली. खाता खाता म्हणाली, दीदी, फलाटावर झोपणाऱ्याला कसली जात. बंगाली मी तिच्याकडून शिकले. शिव्यांसकट.

बशा धुवायची खोली पार मागे, स्वयंपाकघराच्या पलीकडे. तिला गल्लीत निघणारं एक दार होतं. आधी आम्ही सगळे त्याच दारानं ये-जा करायचो. मग मालकाच्या मनात आलं की नोकर चोऱ्या करतात. दाराला बाहेरून कुलूप बसलं, चावी मॅनेजरच्या खिशात गेली. आता निघायचं ते स्वयंपाकघरातून, बाजूच्या बोळानं, झडती देऊन. शैलबालानं मॅनेजरला विचारलं होतं, स्वयंपाकघर पेटलं तर आम्ही कुठून निघायचं? तो म्हणाला, नीट काम करा, म्हणजे पेटणार नाही.

नाचघराच्या परवान्यासाठी सरकारी साहेब तपासणीला यायचा होता. त्या सकाळी कुलूप निघालं. दाराबाहेर ताडाच्या कुंड्या मांडल्या. साहेब आला, आणि शिपायाशी बोलताना त्याच्या तोंडून एक मराठी शब्द निसटला. माझा जीव हरखला. आपला माणूस. तो बाथरूमपाशी आला तेव्हा मी पुढे होऊन म्हणाले, साहेब, मागचं दार रोज बंद असतं, आज तुमच्यासाठी उघडलंय.

तोही आधी खूष झाला. "अरे वा, तुम्ही मराठी? कुठल्या तुम्ही?"

मी गाव सांगितलं. त्यानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याचा चेहरा मिटला. एक पाऊल मागे सरकला, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"तुझं काम काय? संडास धुवायचं ना? मग ते कर."

नंतर तो हॉलमध्ये बसून मटण कटलेट खात होता. मॅनेजर शेजारी वाकून उभा. मी काय बोलले ते त्यानं मॅनेजरला सांगून टाकलं. त्याची गाडी निघाली तशा कुंड्या आत आल्या आणि कुलूप परत लागलं. त्या संध्याकाळी माझी झडती मॅनेजरनं स्वतः घेतली. त्यावर मी जास्त बोलणार नाही. घरी जाऊन अंग घासघासून धुतलं, तरी त्याचे हात जाईनात.

नाताळाच्या आधीचा रविवार होता. दुपारच्या चहाबरोबर नाच चालला होता. स्वयंपाकघरात कढईतल्या तेलानं पेट घेतला, ज्वाळा धुराड्यातल्या वर्षानुवर्षांच्या चरबीला लागली आणि सगळं छतच पेटलं. आचारी बोळानं पळाले. हॉलमध्ये नुसता धूर आला. पाहुणे पुढच्या मोठ्या दारानं बाहेर पडले, मीही त्यांच्यातच. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. काही जण हातातले पेले घेऊनच निघाले होते. फुटपाथवर उभं राहून पीत होते, वर बघत होते.

शैलबाला दिसेना.

मी वळसा घालून गल्लीत धावले. दार आतून वाजत होतं. बाया ओरडत होत्या. मी पुढे पळत गेले, मॅनेजरचा कोट धरला, चावी मागितली. तो पाहुण्यांना गाड्यांत बसवून देत होता. त्यानं माझा हात झटकला. "आधी या लोकांना जाऊ दे." मी तोंडावर शिवी दिली, आयुष्यात पहिल्यांदा. एका मडमेनं कानावर हात ठेवले. आतल्या किंकाळ्यांना ठेवले नव्हते.

पहार आणली ती त्याच दरवानानं. कुलूप तुटलं तरी दार उघडेना. आत उघडणारं दार, आणि शैलबाला दारालाच टेकून पडली होती. दोघांनी रेटून तिला सरकवलं. दोन बाया जिवंत निघाल्या. ती नाही.

दुसऱ्या दिवशी मालकानं बोलायला सुरुवात केली होती. दार उघडंच होतं. ती चांदीचे चमचे आणायला परत आत गेली. मेलेल्या बाईलाही त्यांनी झडतीला उभं केलं.

चौकशी बसली. टेबलामागे तीन अधिकारी, आणि त्यांतला एक तोच, कटलेटवाला. स्वतःच पास केलेल्या दाराची चौकशी स्वतःच करायला बसला होता. वाचलेल्या दोन बायांना मालकानं आधीच गप्प केलं होतं. माझी पाळी आली तेव्हा साहेब बाकीच्यांना म्हणाला, ही माझ्या भागातली आहे, हिची जबानी मी घेतो. मग माझ्याकडे वळला, आवाजात साखर घालून. "बस. घाबरू नकोस. मराठीत सांग."

मी मराठीत सांगितलं. "मागच्या दाराला कुलूप होतं. बाहेरून. नेहमीच असायचं."

त्यानं मान हलवली आणि लिहून घेणाऱ्याला इंग्रजीत सांगितलं. मला इंग्रजी येत नव्हतं. पण नाचघरात राबून दोन-चार शब्द कानात बसले होते. तो 'ओपन' म्हणाला.

माझीच भाषा. आईनं शिकवलेली. तिच्याआड लपून हा माझ्या तोंडी खोटं घालत होता, आणि मी गप्प बसेन अशी त्याची खात्री होती. मी उठले. हिंदी माझी मोडकीतोडकी, पण खोलीतल्या सगळ्यांना कळणारी.

"ये साहब झूठ लिखवाता है। मैं बोली, ताला था। ये भी जानता है। मैंने इसको पहले बताया था।"

लिहिणाऱ्याचा हात थांबला. मधल्या म्हाताऱ्या बंगाली अधिकाऱ्यानं मला बंगालीत विचारलं, पुन्हा सांगाल? मी शैलबालानं शिकवलेल्या बंगालीत सगळं सांगितलं. पहिल्यापासून. मॅनेजरच्या हातांसकट. साहेब रुमालानं मान पुसत राहिला.

काय झालं? मालकाला दंड झाला. मॅनेजर दुसऱ्या हॉटेलात लागला. साहेबाची दिल्लीला बदली झाली, वरच्या जागेवर. इथल्या मराठी अफसरांच्या दोन बायका मला रस्त्यात भेटल्या, परमुलखात आपल्याच माणसाची अब्रू घालवलीस म्हणाल्या. मी विचारलं, आपला म्हणजे कुणाचा? त्या ट्राममध्ये चढल्या.

माझं काम गेलं. आता खिदिरपूरच्या एका दवाखान्यात चादरी धुते. नाचघर नवा रंग लावून पुन्हा सुरू झालं. तेच पाहुणे. त्यांतल्या एकाला मी गाठलं होतं, आगीच्या दिवशी पेला घेऊन उभा होता तो. म्हणाला, फार वाईट झालं, पण आम्हाला काय माहीत? आणि आत गेला.

त्या वाक्याची मला मालकापेक्षा जास्त शिसारी आली.

तेव्हापासून रविवारी दुपारी मी नाचघरासमोर उभी राहते. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आत बशा धुणारी बाई कोंडून मेली, तिचं नाव शैलबाला. काही जण नाक मुरडतात. काही नाणं काढतात, ते मी घेत नाही. पोलीस हाकलतात, मी समोरच्या फुटपाथवर जाते आणि तिथून ओरडते. पुढच्या रविवारीही येणार. ज्यांना आत जाऊन नाचायचंय त्यांनी खुशाल नाचावं. पण माहीत नव्हतं, हे आता मी कुणाला म्हणू देणार नाही.