परवान्यावर एकच नाव

लॉज चालवणाऱ्या बाईला कुठं जाता येत नाही. तुळजापुरात तर नाहीच नाही. सोलापूरहून भाविकांची एक गाडी आली की खोल्या भरतात, त्या रिकाम्या होईतो दुसरी दारात उभी. सव्वीस वर्षं मी लोकांना चाव्या दिल्या, गाद्या घातल्या, आणि 'दर्शन झालं का नीट?' म्हणत वाटेला लावलं. रजिस्टरही मीच लिहिते. पुरुषाचं नाव, गाव, आणि पुढं 'व कुटुंब'. त्या 'कुटुंबा'त किती बायका येऊन गेल्या, एकीचंही नाव माझ्या रजिस्टरात नाही.

दोन वर्षांमागं एक जोडपं उतरलं. बाई माझ्याच वयाच्या. खोली झाडून होईपर्यंत काउंटरपाशी बसल्या आणि मोबाइलवर लक्षद्वीपचे फोटो दाखवायला लागल्या. एका फोटोत होडी होती आणि तिची सावली खाली तळातल्या वाळूवर पडली होती. मग मधे पाणी होतं की नव्हतं? मी तीनदा त्यांचा फोन मागून घेतला. त्या दिवशी मी दोन चाव्या उलट्यापालट्या दिल्या आणि एक आजोबा भलत्याच्याच खोलीत शिरले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"आपण जायचं का हो?" मी ह्यांना विचारलं.

"जाऊ की," हे म्हणाले. आमचे हे कशालाच नाही म्हणत नाहीत, तीच तर खरी पंचाईत.

तारखा मीच काढल्या. पौषात देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते, ते आठ दिवस गावात गर्दी जरा कमी. तेवढ्यात जाऊन यायचं. सोलापूरहून रेल्वेनं कोचीला, तिथून बोट. पण त्या बेटांवर असं उठून जाता येत नाही, परवाना लागतो, आणि त्यासाठी पोलीस ठाण्यातून चारित्र्याचा दाखला. गेले बाई ठाण्यात, पन्नाशी उलटल्यावर, स्वतःच्या चारित्र्याची चौकशी करून घ्यायला! तिथले हवालदार आमचं लॉज ओळखतात. म्हणाले, "काकू, आता कुठं पळून चाललात?" मी म्हटलं, "समुद्र बघायला." सगळं ठाणं माझ्याकडं बघायला लागलं.

"तुमचाही अर्ज टाका," मी ह्यांना सांगितलं.

"टाकतो. तू तुझं बघ."

मी बघितलं. बघण्याशिवाय दुसरं काही सुधरतच नव्हतं मला. भाजी फोडणीला टाकायची आणि फोन उघडायचा, परवाना आला का? जिन्यात थांबून फोन उघडायचा. महिनाभर आधी बॅग भरली, उपसली, परत भरली. बोटीवरचं जेवण मानवेल न मानवेल म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवली, ती आम्हीच खाऊन संपवली, पुन्हा केली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या म्हणाल्या, "अगं, बस की जरा. बेट काय पळून चाललंय व्हय?"

मार्गशीर्षात एका दुपारी परवाना आला. मी उभ्या उभ्या वाचला. माझं नाव, माझं वय, तुळजापूर. फोनवर खालपर्यंत सरकवलं, परत वर आणलं. एकच नाव होतं.

"तुमचं कुठंय?"

हे काउंटरवर चाव्या लावत होते. एक चावी त्यांनी खिळ्यावरून काढली, परत त्याच खिळ्याला अडकवली. "मी म्हणत होतो," ते म्हणाले, "ते निद्रेचे दिवस आहेत ना. बोटीत गाद्यांवर निजायचं. देवी निजलेली असताना आपण गादीवर निजतो का कधी?"

खरंच की. देवी पलंगावर गेली की आमच्या घरात गादी, उशी, खाट काही नाही. भाविकांना गाद्या, आम्हाला भुई. लग्न झाल्यापासून त्या आठ दिवसांत घरच्या गाद्या मी स्वतः गुंडाळून माळ्यावर टाकते. आणि तारखा काढताना मला गर्दी तेवढी आठवली, गादी नाही! आत्याबाई मागं तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. संपलं, म्हटलं. आता ह्या काय हो म्हणतात!

त्यांनी सुपातून मानही वर केली नाही. "सतरंजी घेऊन जा की. बोटीला भुई नसती व्हय?"

मला हसू फुटलं. हे मात्र हसले नाहीत. "आणि लॉज कोण बघंल?" म्हणाले.

"मी बघते. तू रांगत हुतास तवापासनं बघते." मग आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "आता सांगतोस तिला, का मी सांगू?"

मला काही कळेना. मी एकदा आईकडं बघते, एकदा लेकाकडं.

"मला पाण्याची भीती वाटते," हे म्हणाले. आज गरम पाणी येणार नाही हे भाविकांना सांगतात ना, त्याच आवाजात. सातवीत असताना ते विहिरीत पडले होते. वर काढलं तेव्हा अंगात जीव नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं. "बोटीच्या नुसत्या विचारानं माझे हातपाय गार पडतात. मी ठाण्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो."

मी भडकले. "सव्वीस वर्षं! सांगायला काय झालं होतं?"

"तू हसशील म्हणून."

आणि मी हसलेच असते. मला माझी जीभ माहीत आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात आम्ही सगळे धबधबा बघायला पाणीमहालात उतरलो, तेव्हा हे वरच बसून राहिले होते. "चार पायऱ्या उतरायचा आळस!" असं मी माझ्या सगळ्या माहेरासमोर म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. हेही हसले होते.

दोन दिवस मी खोल्याखोल्यांतून गाद्या आपटत होते. रागही येत होता आणि लाजही वाटत होती. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "रद्द करते."

"अजिबात नाही," हे म्हणाले. सव्वीस वर्षांत मला पहिल्यांदा नाही म्हणाले, आणि ते असं.

माझी सतरंजी ह्यांनीच गुंडाळली, सुतळीनं बांधली. आत्याबाईंनी वरून दोरी ओढून बघितली. "तिथंबी भुईवरच नीज," एवढंच म्हणाल्या.

सोलापूर स्टेशनावर हे माझ्या खिडकीशी उभे राहिले. एकदा पाणी आणून दिलं, एकदा केळी. मग म्हणाले, "बोटीत कडेला जाऊ नको."

"बोटीत सगळी कडच असते," मी म्हटलं. जीभ ती जीभच.

ते हसले नाहीत. त्यांनी खिडकीचा गज धरला होता आणि शिट्टी झाली तरी सोडत नव्हते. मी तर गाडीत होते, कोरड्या जमिनीवर. तरी ते बुडत होते, माझ्यासाठी. मग मीही तोच गज धरला, त्यांच्या हाताला लागून.

"तिकडं रजिस्टरात लिहितील ना," ते म्हणाले, "नाव नीट सांग. दोनदा सांग."

"सांगते."

गाडी हलली. उतरावं असं एकदम वाटलं, बॅग टाकून, सतरंजी टाकून उतरावं. हे गाडीबरोबर चालत होते, आणि चालता चालता हातानं मला बस, बस अशी खूण करत होते. मी बसले.