मामांचा कोड माझ्या मोबाईलवर

आमच्या कंपनीत लॉगिनची नवी पद्धत आली ती ऐन क्रॉसिंगच्या, म्हणजे फुलांचा हातानं संकर करायच्या दिवसांत. मी नवीन जालना भागातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात संगणकाचं काम बघते. शेतकऱ्यांची नावं, प्लॉटचे नंबर, कोणत्या शेडनेटमध्ये कोणती नर जात आणि कोणती मादी जात लावली, हे सगळं पूर्वी रजिस्टरात असायचं. मग ते ऑनलाइन गेलं. आता हेड ऑफिसचं पत्र आलं की नुसता पासवर्ड चालणार नाही. पासवर्ड टाकला की मोबाईलमधल्या एका ॲपवर सहा आकड्यांचा कोड दिसेल, तो तीस सेकंदांच्या आत टाकायचा. तीस सेकंद संपले की कोड बदलणार. शनिवारपर्यंत ज्याचं होणार नाही त्याचं खातं बंद. आणि सगळ्यांचं करून द्यायचं काम माझ्या गळ्यात.

ऑफिसातल्यांचं एका दुपारी उरकलं. "बँकेचे ओटीपी कमी पडत होते काय?" असं एकजण म्हणाला, पण त्यानंही केलं. बाहेरगावचे सुपरवायझर एकेक करून येऊन गेले. राहिले ते टेंभुर्णीचे मामा.

मामा आमच्याकडे सगळ्यांत जुने. छप्पन्न-सत्तावन्न वय. नातं कोणाशीच नाही, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी नोकरीला लागले तेव्हा मला बियाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वडील शाळामास्तर, आमच्या घरी शेती कधी नव्हतीच. मी रजिस्टरात नर ओळ, मादी ओळ असं लिहायची आणि ते म्हणजे काय हे विचारायला लाजायची. मामांनी ते ओळखलं आणि एक दिवस मला शेडनेटमध्ये घेऊन गेले. आत बायका चिमट्यानं मिरचीच्या कळ्या उघडत होत्या. मामा सरीतून चालत गेले आणि शेकडो सारख्या झाडांतलं एक झाड उपटून माझ्या हातात दिलं.

"हे बघ ताई, ह्याचं पान जरासं रुंद हाये. हे आपलं न्हाई."

मला काहीही फरक दिसला नव्हता. पण परकं झाड ओळखून काढणं हेच तर त्यांचं काम. एक जरी राहिलं तरी सगळ्या बियाण्यात भेसळ. मामांनी शेड बघितलं म्हणजे झालं, असं आमच्या मॅनेजर साहेबांचंही मत होतं.

शुक्रवारी मी एसटीनं टेंभुर्णीला गेले. तिथं बाजाराजवळ कंपनीनं भाड्यानं घेतलेली एक खोली आहे. टेबलावर लॅपटॉप, कोपऱ्यात नमुन्याच्या पिशव्या. मामांनी पासवर्ड इतक्या झटक्यात टाकला की मला कौतुक वाटलं. बोटांना सवय होती. मग मी त्यांच्या मोबाईलवर ॲप घेतलं, लॅपटॉपवरचा चौकोन स्कॅन केला, आणि मोबाईलवर कोड आला.

"हं, मामा, टाका."

मामांनी मोबाईल आधी डोळ्यांजवळ धरला, मग हात लांब केला, मग दाराच्या उजेडाकडं तिरका केला. "तीन... का आठ हाये हे?" असं म्हणेपर्यंत कोड बदलला. दुसऱ्या वेळी चार आकडे टाकून झाले आणि बदलला. तिसऱ्या वेळी सहाही टाकले, पण चुकीचे. पाचव्यांदा चुकलं तेव्हा स्क्रीनवर आलं की पंधरा मिनिटांनी प्रयत्न करा. मामांनी मोबाईल टेबलावर आपटला नाही, पण आपटल्यासारखाच ठेवला.

"इतक्या वर्षांची नोकरी झाली, आन् आता हे डबडं मला इचारून राह्यलं का तू खरा का खोटा?"

"मामा, ते सगळ्यांनाच विचारतंय. मलाही विचारतंय."

ते उठले. बाहेर जाऊन दोन चहा सांगून आले. चहा पिता पिता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू असं कर ताई. हे तुझ्याच मोबाईलवर टाक. मी रोज सकाळी फोन करीत जाईन, तू आकडे सांगत जा. ऐकून मला बराबर टाकता येतंय."

दुसऱ्याचा कोड आपल्या मोबाईलवर ठेवायचा नाही, हे पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ते पत्र सोप्या मराठीत करून सगळ्यांना पाठवणारी मीच. तरी मी मामांचं खातं माझ्या मोबाईलवर जोडलं, खात्याचे संदेश यायला नंबरही माझाच दिला. शेवटची बस जवळ आली होती, शनिवार उद्यावर होता, ही कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण असं की मामा मोबाईल कसा तिरका करत होते ते मी बघितलं होतं, आणि मला ते बघायचं नव्हतं.

मग रोज सकाळी मी डबा भरत असताना फोन वाजायचा. "सांग ताई." मी एकेक आकडा सांगायची, ते टाकायचे, "झालं" म्हणून ठेवून द्यायचे. दहा दिवस हे सुरळीत चाललं. मला तर ती सवयच झाली.

अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला नाही. मी ऑफिसात आले, कामाला लागले, आणि अकराच्या सुमारास माझ्या मोबाईलवर संदेश आला: या खात्यात बरोबर पासवर्ड टाकला गेला, पण कोड तीनदा चुकला. खातं मामांचं. मला वाटलं, मामा मला न विचारता अंदाजानं आकडे टाकून बघताहेत. मी हसतच फोन लावला.

"मामा, असे मनानं आकडे टाकू नका. विचारायचं ना मला."

"मी कुठं टाकून राह्यलो? मी शेडमध्ये हाये. लॅपटॉप आज उघडलाच न्हाई."

"मग तुमचा पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

पलीकडचे बायकांचे आवाज मागं पडले, मामा शेडबाहेर आले असावेत. मग मामा म्हणाले, "काल दुपारी हेड ऑफिसचा फोन आल्ता. म्हणे नवीन सुरक्षा लावून राह्यलो, पासवर्ड सांगा. मी सांगितला. मंग म्हणे मोबाईलवरचा कोड सांगा. मी म्हणलो कोड माझ्यापाशी न्हाई, आमच्या ताईपाशी हाये. तर त्यानं फोनच ठेवून देला."

"मामा, पत्रात लिहिलं होतं ना, पासवर्ड फोनवर कोणीही विचारणार नाही म्हणून! वाचलं नाही का तुम्ही?"

"न्हाई वाचलं," ते इतकंच म्हणाले.

त्या खात्यात काय काय होतं ते माझ्या डोळ्यांपुढून सरकलं. टेंभुर्णी भागातल्या सगळ्या शेतकऱ्यांचे आधार नंबर, बँकेचे खाते नंबर, आणि कंपनीच्या मूळ जाती कोणाच्या शेडमध्ये उभ्या आहेत त्याची यादी. मी हेड ऑफिसला, तिथं सिस्टिमचं काम बघणाऱ्या माणसाला फोन लावला. आमची तोंडओळखही नव्हती, फक्त आवाजाची ओळख. मी मामांना आलेला फोन आणि माझ्याकडं आलेला संदेश सांगितला तेव्हा तो "एक मिनिट धरा" म्हणाला. ते एक मिनिट मी खिडकीतून खालच्या रिक्षा मोजत काढलं.

"मॅडम, खातं बंद केलंय. आत कोणी आलेलं नाही. तो पासवर्डपर्यंत पोचला आणि कोडपाशी अडकला. काही गेलेलं नाही."

मी खुर्चीत बसले. इतका वेळ उभी होते हे तेव्हा कळलं.

"पण हा अलर्ट तुमच्या नंबरवर कसा आला?"

खोटं सांगता आलं असतं. नंबर टाकताना चुकला म्हटलं असतं तर भागलं असतं. पण जो माणूस नुकताच माझ्यासाठी धावला त्याच्याशी खोटं बोलवेना. "त्यांचा कोड मी माझ्या मोबाईलवर ठेवलाय," मी म्हणाले. "का, ते मला आज सांगता येणार नाही. आधी त्यांना विचारते."

तो म्हणाला, "उद्या सांगा. आणि तो कोड आत्ताच काढून टाका."

त्याच दुपारी मी टेंभुर्णीला मामांच्या घरी गेले. मामी दारातच भेटल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की त्या माझी वाट बघत होत्या. मामा ओट्यावर बसले होते. मी सरळच विचारलं, "मामा, तुम्हाला दिसत नाही ना?"

"दिसतंय की."

"सांगा की आता," मामी म्हणाल्या. "दीड वर्ष झालं, ताई. सगळं धुरकट दिसतं ह्यांना. शेडमध्ये मला संगं नेतेत. येगळं झाड दिसलं का मी हात लावते, मंग हे उपटतेत."

मामा खाली बघून म्हणाले, "एक झाड सुटू देलं न्हाई, ताई. हिची नजर बिलकुल साफ हाये."

"दवाखान्यात का नाही गेलात?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझा बाप साठीच्या आत आंधळा झाल्ता. दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर म्हणला, नस गेली, आता काही होत न्हाई. मला ते ऐकायला जायचं नव्हतं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण अकरा दिवसांपूर्वी मीही मान फिरवली होतीच. मी म्हणाले, "परवा जालन्याला या. मी बरोबर येते. जे असेल ते दोघं-तिघं मिळून ऐकू." हेड ऑफिसला खरं कारण सांगायलाही त्यांनी परवानगी दिली. "सांग," म्हणाले, "लपवून लपवून मीबी थकलो."

सिस्टिमवाल्याला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं तर तो म्हणाला, "अहो मॅडम, त्यासाठी छोटी चावी मिळते. लॅपटॉपला लावायची आणि बोट टेकवायचं, कोड वाचावाच लागत नाही. विचारायचं तरी!" मला हसावं की रडावं कळेना. त्यानं कुरिअरनं ती चावी पाठवून दिली आणि नव्या पासवर्डनं मामांचं खातं पुन्हा सुरू केलं. मला मात्र नियम मोडल्याबद्दल लेखी समज मिळाली. ती बरोबरच होती, आणि खरं सांगायचं तर ती हातात पडल्यावर मला हलकंच वाटलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात मामांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकावर डोळे मिटून बसवलं. एका बाजूला मामी, एका बाजूला मी. मामांनी मामींच्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं. आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ बघितलं, प्रेशर तपासलं.

"मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. डाव्यातला चांगलाच पिकलाय. मागचा पडदा, नस, सगळं चांगलं आहे. ऑपरेशन केलं की दिसेल."

"म्हंजे बापाला झालं ते न्हाई?"

"वडिलांना काय होतं ते मला नाही सांगता येणार. तुम्हाला मोतीबिंदू आहे, आणि तो निघतो. एवढे दिवस का थांबलात?"

मामा उत्तर द्यायचं सोडून हसायलाच लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, चोळू नका, चोळू नका." मामींनी भिंतीकडं तोंड केलं होतं. मी बाहेर येऊन पाणी प्यायले.

मधल्या काळात, हे सगळं कळल्यावर, मॅनेजर साहेबांनी दुसऱ्या सुपरवायझरला मामांची सगळी शेडं बघायला पाठवलं. तो दोन दिवस फिरला आणि सांगत आला, सगळ्या शेडांत मिळून दोनच परकी झाडं सापडली, तीही शंकेची. साहेब मामांना बोलले, चांगलेच बोलले, पण नोकरीला धक्का लागला नाही. "ऑपरेशन करून या, मग बघू," म्हणाले. आणि मग जे विचारलं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं: "तुमच्या मंडळी येतील का कामाला?"

दुसरा डोळा झाल्यावर महिन्याभरानं मामा आणि मामी ऑफिसात आले. मामांनी ती छोटी चावी मला परत दिली. मी त्यांच्या मोबाईलवर ॲप घेतलं, चौकोन स्कॅन केला आणि हात बाजूला घेतले. मामांनी मोबाईल सरळ धरला, आकडे मोठ्यानं वाचत टाकले. खातं उघडलं. निम्मा वेळ अजून शिल्लक होता.

"थांब, दुसरा येऊ दे," म्हणाले, आणि काही गरज नसताना पुढचा कोडही वाचून दाखवला. मग त्याच्या पुढचा.

"टेंभुर्णीपासून हेच चाललंय," मामी म्हणाल्या. "रस्त्यानं एक बोर्ड सोडला न्हाई. खताचं दुकान, सलून, दवाखाना, सगळं वाचून दाखवलं मला. डोकं उठलं माझं."

"मंग तू झोपायचं यष्टीत," मामा म्हणाले.

"झोपू देलं का तुम्ही?"

मामींना त्या दिवशी कामाचं ओळखपत्र मिळायचं होतं. त्यांच्याकडे वेगळी शेडं दिली आहेत, मामांची नव्हेत. फोटो काढताना त्या ताठ उभ्या राहिल्या, पदर नीट केला, आणि फोटो आल्यावर कार्ड मामांच्या हातात न देता आधी स्वतःच नीट वाचलं.