काडेपेटीभर उंच

भाऊंनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात काडेपेटी कायम असायची. आत एकही काडी नसायची. ती त्यांची मोजपट्टी होती. उभी धरली की दोन इंच भरते हे त्यांनी कधीतरी ताडून पाहिलं होतं, आणि त्यानंतर टेप विकत घेण्याची गरज त्यांना वाटली नव्हती. एटापल्लीच्या रस्त्यावर मोहाच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणायचं ते आपल्या चांगुलपणाने. चार बल्ल्या, वर टिना, एका बाजूला आडोसा म्हणून मेलेल्या टेम्पोचा सांगाडा आणि त्यावर बुद्धाचं कॅलेंडर. कुणी गाडी उंच करून मागितली की भाऊ काडेपेटी बोनेटवर उभी करत आणि म्हणत, "इतकी होते. याच्यावर पायजे असन तं हत्ती घ्या."

मी तेव्हा नाल्यापलीकडे, भाऊंच्याच गावात, गुरांचा डॉक्टर होतो. भद्रावतीच्या कॉलनीत डांबरी रस्त्यावर सायकल शिकलेला माणूस मी. जंगलात नोकरी लागली म्हणून हौसेने एक जुनी जीप घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की नाल्यातल्या चाकोरीच्या मधोमध एक दगड आहे आणि माझ्या जीपच्या पोटाशी त्याचं जुनं वैर आहे. नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, कधीच वाहून गेला होता. जाताना एकदा खडाड्, येताना एकदा खडाड्. एरवी तेही चालवून घेतलं असतं, पण बायकोला सातवा महिना लागला होता. तिच्या माहेरी दोन खोल्यांत नऊ माणसं, म्हणून सासूबाईच आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. बाळंतपण ऐन पावसात येणार, दवाखाना गडचिरोलीला आणि मध्ये तो दगड. इंजिनाचं चेंबर त्यावर आपटून फुटलं तर आम्ही तिघं नाल्यातच बसून राहणार, या विचाराने माझी झोप उडाली होती.

भाऊंकडे गेलो तेव्हा मात्र तोंडातून निघालं ते भलतंच. फोनवर व्हिडिओ पाहून पाहून माझ्या डोक्यात चार इंच बसले होते.

"भाऊ, चार इंच उंच करून द्या."

"काऊन?"

"नाल्यातला दगड लागतो."

"त्या दगडाले मी लहानपनापासून ओळखतो. एक काडेपेटी पुरते त्याले. तुमच्यासाठी वाढून राह्यला का तो?"

मी चिडलो. चंद्रपूरला जाऊन एका दुकानातून जीपच्या कमानींच्या टोकांना लांबच लांब लोखंडी कड्या लावून घेतल्या. दुकानदार बिचारा म्हणाला होता की गाडी डुलेल. पण मला त्या वेळी गाडी कशी चालते यापेक्षा ती कशी दिसते यात रस होता, आणि दिसत ती फारच छान होती. चौथ्या दिवशी आमच्या गुरांच्या दवाखान्याचा पैदाशीचा बोकड घेऊन शेजारच्या गावी निघालो. वळणावर जीप एका बाजूला कलली, जरा विचार केल्यासारखी थांबली आणि धानाच्या कोरड्या बांधीत सावकाश आडवी झाली. मी आरशाला धरून लोंबकळत होतो. बोकड मागून उडी मारून बाहेर गेला आणि आडव्या जीपवर चढून उभा राहिला. तेवढ्यात भाऊ मोपेडवरून आले. मोपेड उभी केली, चष्मा पुसला आणि विचारलं, "बोकडाले लागलं का?"

नाही म्हणालो. मग त्यांनी वर फिरणाऱ्या चाकांकडे पाहिलं. "आता झाली ना उंच? चाकं आभायले टेकली."

त्यानंतर त्यांनी चार इंचांचा विषय पुन्हा कधीही काढला नाही, फक्त गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्यादेखत तो बोकड तेवढा वर्णन करून सांगितला. त्या कड्या काढून त्यांनी मोहाच्या फांदीला अडकवल्या आणि म्हणाले, "राहू द्या, पायन्याले कामी पडन." मग त्यांचं काम सुरू झालं. जीपच्या कमानीत लोखंडी पाटे एकावर एक रचलेले असतात. भाऊंनी भंगारातल्या तशाच एका जीपचा धडधाकट पाटा काढला, घणाने ठोकून त्याला बाक दिला आणि माझ्या कमानीत वाढवला. असे चारही चाकांना. "नवं कायले? जंगलाले बिल दाखवाचं हाय का?" भंगार निवडताना मात्र ते नवरीमुलीकडची माणसं स्थळ पाहतात तितके चिकित्सक. प्रत्येक पाट्यावर हातोडीने टकटक करून कान लावायचे आणि तडा ऐकू आला की तो फेकून द्यायचे. चाक लोंबतं सोडून ब्रेकचा पाइप ताणला जातो का, तेही दहा वेळा पाहिलं. "गाडी वर गेली आन् बिरेक खालीच राह्यला तं तुमी थेट वैनगंगेत."

पण भाऊंची खरी तऱ्हा पुढेच होती. पाटे बसवून झाले म्हणजे काम संपलं असं ते मानत नसत. "रिकामी गाडी खोटं बोलते," ते म्हणत. "रिकामी सगळ्याइचीच ताठ राह्यते. भरा, मंग पाहू." म्हणून मोजमापाच्या दिवशी गिऱ्हाइकाने घरची सगळी माणसं आणि नेहमीचं सामान घेऊन यायचं, गाडीत बसायचं आणि ते मोजेपर्यंत हलायचं नाही. बायको पुढे बसली. सासूबाई मागे, गादी, पाण्याच्या कॅन, माझी औषधांची पेटी. भाऊंनी सासूबाईंना अदबीने विचारलं, "बाई, तुमी किती किलोच्या?" सासूबाईंनी उत्तर दिलं नाही आणि पुढचे दोन दिवस माझ्याशीही बोलल्या नाहीत. मग भाऊंनी तांदळाची तीन किलोची पिशवी आणून बायकोच्या मांडीवर ठेवली.

"हे काय भाऊ?"

"पोराचं वजन."

"ते आधीच आत आहे ना!"

"आता सातवा हाय. नवव्यापर्यंत भरन ना ते. आतापासून धरा."

एवढंही कमी वाटलं की ते स्वतः मागे चढून बसत. गडी चांगलाच आडवा होता. "मी म्हनजे दोन पोते सिमेंट," हे ते अभिमानाने सांगत. ते बसले की कमानी कुरकुरत आणि जीप चांगली बोटभर खाली येई. प्रत्येक गाडीसाठी ते बांबूची एक कामठी तासत. ती मागच्या चाकाशी उभी करून मडगार्डच्या कडेपाशी चाकूने दोन खाचा पाडत, वरची रिकाम्या गाडीची आणि खालची भरल्या गाडीची. माझी कामठी त्यांनी माझ्या सीटमागे खोचून दिली. "कमान बसली का नाई, हे पाहत जा. मले विचाराले येऊ नका."

आषाढात एका सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. नाल्याला गुडघाभर गढूळ पाणी होतं आणि दगड दिसत नव्हता. चाकोरी चुकली तर चिखलात रुतायचं, धरली तर दगड. मी जीप काठाशी आणली. समोर पाहतो तर भाऊ पाण्यात उभे. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. एक पाय त्यांनी दगडावर ठेवला होता, म्हणजे दगड कुठे आहे ते मला कळावं. "या सीधे, माया अंगावर या!" ते ओरडले. मी खरोखरच त्यांच्या अंगावर जीप घातली. अगदी शेवटच्या क्षणी ते बाजूला झाले आणि पाण्यात वाकून कान देऊन उभे राहिले. जीप पलीकडे चढली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "नाई लागला! नाई लागला!" मला रडू आलं, आणि ते सासूबाईंच्या समोर आलं याचंही काही वाटलं नाही.

मुलगी झाली. फोनवर भाऊंना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती किलो?" अडीच, म्हणालो. "मंग अर्धा किलो मी जास्तच धरलं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मोहाला लटकवलेल्या त्या कड्या घरी आणून त्यांवरच मुलीचा पाळणा बांधला. चंद्रपूरच्या त्या खरेदीचा तेवढाच उपयोग झाला.

पुढे माझी बदली धानोऱ्याला झाली, तरी जीप दाखवायला मी भाऊंकडेच जायचो आणि ते बसलेली कमान पुन्हा वरच्या खाचेपर्यंत उचलून देत. दर वेळी ते थोडे कमी झालेले दिसत. शुगरने त्यांना आतून पोखरलं होतं. शर्ट तोच, पण आत माणूस शोधावा लागे. एकदा सवयीने मागे चढून बसले आणि जीप हललीच नाही. ते खाली उतरले, कमानीला हात लावून म्हणाले, "पाटे कडक झाले वाटते." मी हो म्हणालो. पाटे कडक होत नाहीत, उलट बसत जातात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

भाऊ वारले ते गडचिरोलीच्या दवाखान्यात. शववाहिका त्यांना घेऊन नाल्यापर्यंत आली आणि थांबली. पुढे ती येणं शक्यच नव्हतं, तिचं पोट जमिनीला एवढं जवळ. मी जीप घेऊन आधीच काठावर उभा होतो. पांढऱ्या कपड्यांतल्या चार माणसांनी भाऊंना उचलून जीपमध्ये मागे निजवलं. वेळ लागेल असं वाटलं होतं, पण उचलणाऱ्यांना काही कष्टच पडले नाहीत. बाकीचे पायीच नाला ओलांडायला निघाले. मी कशासाठी केलं सांगता येणार नाही, पण सीटमागची कामठी काढली आणि मागच्या चाकाशी उभी धरली. मडगार्डची कड वरच्या खाचेला चिकटून होती. मी वाकून पुन्हा पाहिलं.

भाऊंची बायको पुढच्या सीटवर बसायला येत होती. एक पाय पायरीवर ठेवून ती थांबली.

"काय पाहून राह्यले डाक्टर?"

तिच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. चाळीस वर्षं ती त्या काडेपेटीबरोबर राहिली होती. "बाई," मी म्हणालो, "गाडी रिकामीच दाखवून राह्यली."

तिने मागे वळून पाहिलं. मग पदराने तोंड पुसून आत बसली.

"खोटं बोलते ते गाडी," ती म्हणाली. "चला."