प्रेबेनचं डॅनिश भाषण

प्रेबेन ल्युंग्सो सुतारकामात अकरा वर्षं माझ्या जोडीला होता. रोज डेन्मार्कच्या कोपनहेगनहून समुद्रावरचा पूल ओलांडून स्वीडनमधल्या आमच्या माल्मोत यायचा आणि रोज आमच्यावर भडकायचा. तो बोलायचा डॅनिश, आम्ही स्वीडिश. आमचं सगळं त्याला कळायचं, त्याचं आम्हाला जेमतेम अर्धं. कागदावर लिहून दिलं तर आम्ही भराभर वाचायचो, पण तोंडानं बोलला की निम्मे शब्द त्याच्या घशातच राहायचे. आता शेजाऱ्याला 'कळलं नाही' कसं म्हणायचं? म्हणून आम्ही माना डोलवायचो. एकदा तर मी अशीच मान डोलवून भलतीच खिडकी उखडली.

"दगड आहात सगळे!" तो ओरडला. "नाही कळलं तर बोंबला की!"

"तू आधी तोंडातला बटाटा गिळ," मी म्हणालो.

त्याच्या लेकीचं, डोर्तेचं, आमच्या गावच्या हाल्वारशी लग्न ठरलं. मग रिवाजाप्रमाणे लग्नाच्या जेवणात वधूपित्याचं भाषण आलंच. व्याही म्हणाले, "इंग्रजीत बोला, सगळ्यांची सोय होईल." प्रेबेनचं डोकंच फिरलं. "समोरासमोर घरं आपली, आणि माझ्या पोरीबद्दल मी परक्या भाषेत बोलू?" त्याला लेकीची माफी मागायची होती, तीही चारचौघांत. कशाबद्दल, ते त्यानं मला तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा मान डोलवली.

लग्नाच्या दुपारी जेवताना तो भाषणाचा कागद घेऊन उभा राहिला. डॅनिश मंडळी हसली की आमची हसायची, जरा उशिरानं. मग त्याचा आवाज कापू लागला. डॅनिश मंडळी गप्प झाली. आमचे मात्र हसतमुखानं माना डोलवत राहिले, एकानं तर टाळी वाजवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रेबेननं कागद टेबलावर आपटला. "कळलं का?"

सगळ्या माना हलल्या.

"मग सांगा, काय म्हणालो मी?"

सगळे आपापल्या ताटात बघू लागले. मीही.

डोर्ते उठली. कागद उचलून स्वीडिशमध्ये सांगू लागली. "बाबा म्हणतो, आई गेली त्या हिवाळ्यात तो कामाचं निमित्त काढून बाहेरच राहिला. मी सोळा वर्षांची होते. आईचं आजारपण मी एकटीनं काढलं." तिनं कागदाची घडी घातली.

"शेवटी माफी मागितलीय," प्रेबेन पुटपुटला. "ती वाचायची राहिली."

"ती तू माग, बाबा," ती म्हणाली. "आपल्या भाषेत. माझ्याकडे बघून."