कॉपीची पक्की पावती

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नागपुरात ज्यांच्याकडे कॉम्प्युटर होता, त्यांच्यात सॉफ्टवेअर विकत घेतलेला एकही माणूस मला भेटला नाही. सगळे कॉपी करत. डॉक्टर, वकील, नीतीवर व्याख्यानं झोडणारे प्राध्यापकसुद्धा. आम्ही मात्र विकत घेतलं. आमची ग्राहक संघटना होती. ऑफिस म्हणजे सीताबर्डीत जिन्यावरची एक खोली, आणि मागणी एकच: दुकानदाराने प्रत्येक वस्तूची पक्की पावती दिलीच पाहिजे! अशी मागणी करणारं पत्रक चोरीच्या प्रोग्रामवर तयार करायचं? कार्यकारिणीत टेबलावर हात आपटून मी हाच सवाल केला. वयाने मी सगळ्यांत लहान, पण आवाज माझाच मोठा. प्रोग्राम विकत आला.

देवनागरी टाइप करायचा तो प्रोग्राम एका फ्लॉपीवर होता आणि लायसन एका वेळी एकाच मशीनचं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसवला की फ्लॉपीतली परवानगी संपायची. दुसरीकडे बसवायचा तर आधी ऑफिसमधून काढायचा. मग परवानगी फ्लॉपीत परत यायची आणि ती घेऊन तिकडे जायचं.

आणि जावं लागायचंच. आमचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणत. गुडघ्यांमुळे ते जिना चढत नसत आणि त्यांनी तपासल्याशिवाय आमचा एक अनुस्वारही बाहेर पडत नसे. त्यांच्या मनीषनगरच्या घरी मुलाने परदेशातून पाठवलेला कॉम्प्युटर होता.

"बर्डीतच कॉपी करून देतात," खजिनदार म्हणाले. "सरांकडे ती टाका. कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिले ना!"

"पाहा मग. पण अक्षय तृतीयेच्या खरेदीआधी पत्रक बाजारात नाही गेलं, तर दोन्ही मशीनवर कॉपी टाकायचा ठराव मीच मांडतो."

म्हणजे पत्रक अडलं तर संघटनाच चोर ठरणार. मी त्याच दुपारी ऑफिसमधला प्रोग्राम काढला, परवानगी फ्लॉपीत घेतली, डोक्याला दुपट्टा बांधला आणि मोपेडवर निघाले. पर्समध्ये कांदा होताच. कांद्याशिवाय मुलीला उन्हात सोडणारी आई नागपुरात नसते. फ्लॉपी मात्र डिकीत. मनीषनगरचं रेल्वेफाटक बंद होतं. कोळशाची मालगाडी आली आणि मधोमध उभी राहिली. तिला जणू आमच्याविरुद्ध कुणी फितवलं होतं. फाटक उघडेपर्यंत डिकीवर पोळी शेकता आली असती.

सरांच्या घरी फ्लॉपी बाहेर काढली, तर ती भाजलेल्या पापडासारखी वळलेली.

"काहून वं, एवढ्या उन्हात आली?" काकू म्हणाल्या. "अन् हे काय भाजून आणलं?"

"काकू, हे लायसन आहे."

"मग त्याले थंड कर आधी."

मी पन्हं पीत होते तेवढ्यात त्यांनी फ्लॉपी कूलरसमोर ठेवली. वाळ्यावरून पाण्याचे तुषार उडत होतेच. फ्लॉपी सरळ झाली, गार झाली, सुगंधी झाली आणि ठार मेली. मशीनमध्ये घातली तर नुसतं कर्र कर्र. परवानगी ऑफिसमधून निघालेली, घरी न पोचलेली.

"म्हणजे आता आपल्याकडे कायदेशीर असं काय उरलं?" सरांनी विचारलं.

"पावती, सर."

मी एसटीडी बूथवरून पुण्याला, कंपनीत फोन लावला.

"म्हणजे मॅडम," पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "तुम्ही दर वेळी ऑफिसमधून काढून घरी बसवता? खरंच?"

"तुमच्या पुस्तिकेत तसंच लिहिलंय!"

"हो, लिहिलंय खरं. नवी फ्लॉपी टपालाने पाठवतो. तोवर... नागपुरात कुणाकडे कॉपी असेलच की."

मालकच चोराच्या घरचा पत्ता देतोय! मी इतकी ओरडले की बूथवाला आत डोकावला. "हे लेखी द्या! तारेने! आजच्या आज!"

दुसऱ्या दिवशी तार आली. नवी फ्लॉपी पोचेपर्यंत एका मशीनवर कॉपी वापरण्यास परवानगी. मी ती घेऊन बर्डीतल्या कॉपीवाल्याकडे गेले. त्याने तार वाचली आणि हात पँटला पुसले.

"कंपनीले माहीत आहे? माझं नाव सांगितलं का तुम्ही?"

"नाही. पण परवानगी आहे."

"ताई, बिना परवानगीची पाहिजे तितकी न्या. परवानगीवाल्याले मी देत नाही. लफडे होतात."

"द्यावीच लागेल. आणि पक्की पावती पाहिजे."

"कायची?"

"कॉपीची."

तो स्टुलावर बसला. "ताई, चहा घ्या, फुकट न्या, पण जा."

मी फुकट कशी नेणार? बराच वेळ भांडण झालं, बाहेर गिऱ्हाइकं जमली. शेवटी त्याने पावतीपुस्तक काढून 'कोरी फ्लॉपी, एक' असं लिहिलं.

"कोरी कुठंय? त्यात प्रोग्राम आहे."

"मले लेकरंबाळं आहेत, ताई."

"तीही उद्या ग्राहकच होणार आहेत."

गिऱ्हाइकं हसली. त्याने 'कोरी' खोडून 'भरलेली' लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

कॉपी मी फक्त सरांच्या मशीनवर बसवली. ऑफिसची मशीन प्रोग्रामविनाच ठेवली, कारण तारेत एकच मशीन होती. खजिनदारांनी कपाळाला हात लावला. सरांनी तीन स्वल्पविराम उडवले आणि अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी पत्रकं इतवारीत वाटली गेली. दुकानदारांनी त्यात दागिने गुंडाळून दिले. पावती एकानेही दिली नाही.

पुढच्या सभेत खजिनदार उभे राहिले. ठराव मांडणार म्हणून मी बाह्या सरसावल्या. पण ते म्हणाले, "आपल्या मोहिमेत आजवर एकाच दुकानदारानं पक्की पावती दिली. तो कोण, ते सगळ्यांले माहीत आहे. त्याच्या अभिनंदनाचा ठराव." टाळ्या पडल्या. विरोधात एकच मत पडलं, माझं. चोराचं अभिनंदन करणाऱ्या त्या सभेचा मी आजही निषेध करते.

नवी फ्लॉपी आली त्या दिवशी मी कॉपी परत करायला गेले. कॉपीवाल्याने मला लांबूनच पाहिलं.

"ही परत घ्या," मी ओरडून म्हटलं, "आणि परत घेतल्याची पावती—"

त्याने शटर खाली ओढलं. आत दोन गिऱ्हाइकं होती.